पाकिटाला पेपर

गेली अठ्ठावीस वर्षं मी पॅडचं पाकीट पिशवीच्या तळाशी लपवून, वर कोथिंबीर ठेवून घरी नेतेय. परवा सोबत माझी मुलगी कार्तिकी होती. महिन्यापूर्वीच तिला पाळी सुरू झाली.

गंगापूर रोडच्या मेडिकलवाल्या काकांनी सवयीने पाकीट पेपरात गुंडाळायला घेतलं.

"पेपर कशाला, काका?" कार्तिकीने मोठ्याने विचारलं. मी चिमटा काढला, पण पोरगी कसली ऐकतेय!

"मामाच्या बागेत द्राक्षांच्या घडांना पेपर लावतात, उन्हाने डाग पडू नयेत म्हणून. ह्याला कुठे ऊन लागतंय?"

काका खो खो हसले. मलाही राहवेना.

"अजून एक द्या, माझ्यासाठी," मी म्हटलं. "बिनपेपरचं."

घरी पोहोचेपर्यंत पाकिटांखाली कोथिंबीर पार चुरगळून गेली.