खोलाला उथळ

सन १९३९. वैशाखातली सकाळ होती आणि माझ्या ओच्यात एक गिरेबाज पिल्लू धडपडत होते. उडता उडता उलट्या कोलांट्या घेणारी ही कबुतरे. हे पिल्लू कोलांट्या घेत घेत थेट कौलावर आले होते आणि पंख घासून कसेबसे थांबले होते.

“अवो, हे थांबूनच नाही राह्यलं,” मी म्हटले.

“थांबलं ना शेवटी?” माझे यजमान वर बघतच म्हणाले. “आजचा दिवस जाऊ दे.”

तिरोड्याजवळच्या एका मालगुजाराचा कबुतरखाना हे सांभाळत. लोक त्यांना बिसराम कबूतरवाला म्हणत. मोठे मालगुजार केशोराव पाखरांवर जीव टाकायचे. एका कबुतराने कोलांटी घेतली तर त्यात काही नाही. वीस कबुतरे एका क्षणी उलटून एका क्षणी सावरली पाहिजेत, यात खरी करामत. त्यासाठी ह्यांचा एकच नियम होता: खोल नराला उथळ मादी. खोल म्हणजे लांबवर कोलांटत येणारा, उथळ म्हणजे दोन-तीन कोलांट्यांत सावरणारी. दोन खोल कधी जोडायचे नाहीत; त्यांच्या पिल्लांना सावरताच येत नाही.

नव्या लग्नात मलाही म्हणाले होते, “मी खोल, तू उथळ. जोडी जमली.”

“उथळ आहो म्हणून तुमाले भात भेटते. दोघंही खोल असतो तं चूल कोण पेटवतं?”

आदल्या श्रावणात केशोराव गेले. मागोमाग कबुतरांच्या माना वाकड्या होण्याची साथ आली. साठांतली आठ उरली, आणि आठही खोल. धाकटे मालगुजार गोवर्धन खुराड्यासमोर येऊन म्हणाले, “बिसराम, वैशाखात बहिणीचं लगन आहे. पाहुण्यांसमोर वीस पाखरं एकदम उलटली तं हा कबुतरखाना राहीन. नाही तं त्याच दिवशी रस्सा. अन् तुमची राह्यची खोली खाली.”

हे गोंदियापर्यंत जाऊन आले. उथळ मादी कुठे मिळाली नाही. मग त्यांनी खोलाला खोल जोडले. बारा पिल्ले झाली, उडू लागली, सुरेख उलटू लागली. गेल्या पंधरवड्यात मात्र त्यांच्या कोलांट्या लांबत चालल्या होत्या.

लग्नाचा दिवस तोच, पिल्लू कौलावर आले त्या सकाळचा. मांडवात पाहुणे जमले. ह्यांनी फडके बांधलेला बांबू फिरवला. थवा वर गेला, आवळत आवळत मुठीएवढा झाला. आणि उलटला. वीसच्या वीस, एकदम. ह्यांच्या तोंडावर तसे हसू मी नंतर कधी पाहिले नाही.

आठ सावरली. बारा खाली येतच राहिली.

दाणे घालताना वाजवायचा डबा ह्यांनी जिवाच्या आकांताने वाजवला. जणू तो ऐकून ती थांबणार होती. अंगणात धप् धप् आवाज झाले.

आणि मांडवाने टाळ्या वाजवल्या.

“क्या बात है!” गोंदियाचे गुलाबचंद शेठ ओरडले. “सीधे पाँव में ला गिराया! और एक बार!”

गोवर्धन हसत आले. “जिंकला गा बिसराम! कबुतरखाना तुहा. उरलेली उडव.”

“नाही, मालक.”

“काऊन?”

“माही चूक होती. खेळ नोहता.”

बांबूचे फडके सोडून त्यांनी एकेक पाखरू उचलले आणि त्यात ठेवले. पाहुणे पाय मागे घेत होते.

आम्ही त्याच दुपारी खोली सोडली. आठ कबुतरे गुलाबचंद शेठ घेऊन गेले. त्यांना जोडीला उथळ मिळाल्या की नाही, कळले नाही. गोवर्धन पुढे नागपूरला जाऊन राहिले. कबुतरखान्यात भुसा भरत, मग तो पडला. ह्यांनी बोदलकशाच्या तलावावर राखणदारी केली. तिथे सगळे आभाळच, पण ते मान खाली घालून चालत. सुलोचनाबाई शेजारीण विचारायची, “तुहा नवरा काय हारपलं ते शोधते वं?” एकसष्ट साली ते गेले.

डबा माझ्याकडे आहे. मी त्यात मीठ ठेवते. मीठ वाजत नाही.