अठ्ठ्याण्णवचा शनी

आरटीओ साहेब, किसनची जीप तुम्ही पास केलीत. टायरकडे न बघता केलीत. खाली वाकून एक आकडा वाचला असतात, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

गोष्ट याच त्र्याण्णव सालची. उल्हासनगरात एका गोडाऊनच्या अंगणात दर शनिवारी सकाळी टायरबाबा बसायचा. जीपवाल्यांची ही झुंबड! बाबा जीपच्या जाड खाचांच्या टायरवर खिळा धरायचा, "जय चक्रदेव!" म्हणत हातोडा घालायचा. खिळा डोक्यापर्यंत आत, पण हवा जायची नाही. लोक चपला काढून हात जोडायचे.

मी बदलापूर गावात पंक्चर काढतो. किसन माझा शेजारी. जीपमध्ये माणसं भरून बदलापूर-मुरबाड सीटा मारायचा. त्याच्याबरोबर मीही गेलो. बाबाने त्याच्या टायरवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"अट्ठानबे! नऊ आणि आठ सतरा, एक आणि सात आठ. आठ कुणाचा? शनीचा! पुढे अक्षर एन. एन म्हणजे नाश. बेटा, तू साडेसाती पे गाडी चला रहा है!"

किसनला घाम फुटला. "बाबा, उपाय?"

"चौऱ्याऐंशी. आठ आणि चार बारा, एक आणि दोन तीन. गुरू! पुढे जे. जे म्हणजे जय."

चारही टायर तिथल्या तिथे बदलून मिळाले, फुकट. शनीचे चार बाबाच्या मेव्हण्याने मागच्या दाराने आत ढकलले.

तिसऱ्या दिवशी त्याच टायरांवर जीप तुमच्याकडे आली, साहेब. पास झाली.

किसनची बायको अंजना अंबरनाथच्या कारखान्यात माल चढवायच्या खात्यात होती. ती किसनला घेऊन माझ्या दुकानात आली आणि भिंतीवरच्या टायर कंपनीच्या तक्त्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, हा वाचलाय कधी?"

मी तक्त्यावरची धूळ पुसली. दहा वर्षं लटकत होता.

"अठ्ठ्याण्णव म्हणजे एक टायर साडेसातशे किलो पेलतो. चौऱ्याऐंशी म्हणजे पाचशेच. एन म्हणजे ताशी एकशेचाळीसपर्यंत वेग, जे म्हणजे शंभर. सोळा माणसं कोंबली की मागच्या एकेका टायरवर साडेसहाशे जातात." ती किसनकडे वळली. "अहो, आमच्या चेनपुलीवर 'एक टन' लिहिलंय. लिंबू बांधून आम्ही दोन टन उचलत नाही."

"तू लई शहाणी! साहेबाने पास केली ना? साहेब काय येडा आहे?"

पुढच्या शनिवारी अंजना तीन इंची खिळा घेऊन अंगणात उभी राहिली. "बाबा, हा ठोका."

"माई, ये लोहा अशुद्ध है."

"मग मीच करते शुद्ध." बाबाच्याच टायरवर तिने हातोडा घातला. फुस्स! मग माझ्या पकडीने बाबाचा जुना खिळा उपटला आणि बोटावर धरून दाखवला. जेमतेम पाऊण इंच. तिथे रबर इंचाहून जाड. खिळा ट्यूबपर्यंत पोचतच नव्हता. एवढाच तो चमत्कार!

दोघे-तिघे हसले. बाबाने डोळे मिटले. "औरत के शक से हवा गयी." झालं! गर्दीने पुन्हा हात जोडले. किसननेही जोडले. "चल घरी," तो तिला म्हणाला, "चारचौघांत इज्जत घालवलीस."

गुरुवारी भर दुपारी मुरबाडच्या वाटेवर, बारवीच्या उतारावर मागचा टायर फुटला. जीप उलटली. किसन गेला. मागे बसून बाजाराला निघालेली गयाबाई गेली.

वजन जास्त झालं की टायर बाजूने दबतो, दबून दबून तापतो, तापून फुटतो. यात शनी कुठे आला? किसनचे चार शनी मेव्हण्याच्या दुकानात विकायला लावलेले मी डोळ्यांनी पाहिले. एकावर किसनने पांढऱ्या रंगाने काढलेलं पोरीचं नाव होतं: मीनल.

तेराव्याला लोक काय बोलले? "बाईने खिळा ठोकला, चक्रदेव कोपला." आज तिच्या हातचं पाणी शेजारीण पीत नाही.

लोकहो, टायरपाशी वाका. आकडा वाचा, त्याची बेरीज करू नका. मी हे रोज ओरडतो. लोक ऐकतात, हवा भरतात आणि उल्हासनगरला जातात. मागच्या शनिवारी त्या अंगणात एक सरकारी जीपही पाहिली. चारही चाकांना लिंबं. तुमचीच होती, साहेब.

किसनच्या तेराव्यानंतर अंजना तुमच्या टेबलापुढे उभी राहून एकच विचारत होती, तुम्ही चहा ढवळत होतात. आता मी विचारतो. तक्ता तुमच्याही भिंतीवर आहे. मग ते टायर पास कसे केलेत?

उत्तर द्या.