नानांनी न मोजलेली मूठ

नियम पाळणाऱ्या माणसाशी संसार करायचा म्हणजे डोक्याला ताप. हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. जळगावच्या पोलीस लाइनीत बाकीच्यांचे नवरे घरी आले की टोपी खुंटीला आणि ड्यूटी उंबऱ्याबाहेर. आमचे अभिमन हवालदार मात्र ड्यूटीला ताटाशेजारी घेऊन जेवायला बसायचे.

त्या वर्षी वरून शॉकच्या काठ्या आल्या, वापरून बघायला म्हणून. दिसायला जाड बॅटरीसारखी, पुढे दोन खिळे, बटण दाबलं की तडतड करायची. ज्याच्या हातात ती द्यायची त्याने आधी स्वतःच्या अंगावर झटका घ्यायचा, असा नियम होता. बाकीच्यांनी कोणाची कंबर, कोणाचा ताप पुढे केला. आमचे गेले निमूट. झटक्याने पडून, गुडघे फोडून घरी आले आणि भाकरी नुसती कुस्करत बसले. मी फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "दुखस कमी, वच्छला. बठ्ठा देखी ऱ्हायनात, पन जोडे आपलं कोनीच नही, असं वाटस." म्हणजे सगळे बघताहेत, पण जवळ आपलं कोणीच नाही, असं वाटतं म्हणे.

मग सुरू झालं पाठांतर. मी भाकऱ्या थापतेय आणि हे मला नियम ऐकवताहेत. अंगावर धावून येणाऱ्यालाच लावायची. पळणाऱ्याला नाही, भिजलेल्याला नाही. आणि हात बांधलेल्याला तर कधीच नाही, कारण पडताना त्याला हात टेकता येत नाहीत. मी म्हणायचे, अहो, मला कोण ती काठी देणार आहे, तव्यावरची जळतेय ती बघू द्या. त्यावर हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

यांचे काका, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी राहतात. घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. छगन हा त्यांचा धाकटा नातू. आम्हाला पोरबाळ नाही, म्हणून छगनवर यांचा भारी जीव. भरतीसाठी त्याला पळायला यांनीच शिकवलं, आणि शिपाई होऊन तो यांच्याच ठाण्यात आला. शेवेची भाजी केली की वासावर घरी यायचा आणि काकू, तिखट कमी पडलं म्हणत चार भाकऱ्या खायचा. तेव्हा आमचं घर भरल्यासारखं वाटायचं.

केळीच्या हातगाडीवाल्या गफूरला एकदा रस्त्यातल्या भांडणावरून ठाण्यात आणलं. हातात बेड्या, बाकावर बसवलेला. छगनला त्याने एक शिवी हासडली. छगनने ती काठी घेतली आणि लावली त्याच्या मानेला. गफूर तोंडावर फरशीवर आला. हात मागे बांधलेले, सावरणार कशाने? पुढचे दात गेले आणि जबडा मोडला. ठाण्यातल्या बाकी सगळ्यांनी सांगितलं की आम्ही चहाला गेलो होतो. आमच्या हवालदारांनी सांगितलं, मी तिथेच होतो आणि मी पाहिलं.

छगनला घरी बसवलं. चौकशी लागली. आणि लाइनीत आमची शिक्षा सुरू झाली. नळावर मी गेले की बोलणं बंद व्हायचं. पापड लाटायला मला कोणी बोलावेना, माझ्याकडे पापड लाटायला कोणी येईना. शेजारची कमलबाई दिवसातून दोनदा विरजण मागायची, तिनेही दुसरं दार धरलं. हे दिवसभर ठाण्यात असायचे, तिथेही यांच्याशी कोणी कामापलीकडे बोलत नसावं, पण ते सांगायचे नाहीत. भिंतीशी किती बोलायचं माणसाने? मला या माणसाचा इतका राग आला होता की त्याला वाढतानाही ताट आदळायचे. तुमच्या एका खऱ्यापायी मी जिवंतपणी मेले, असंही म्हणाले एकदा. ते ऐकून घेतलं त्यांनी.

श्रावण आला, म्हणजे कानबाई आली. बाहेरच्यांना सांगायचं तर ही आम्हा खानदेशातल्यांची घराघरातली देवी. तिचे रोट करायचे तर घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. ज्याची मूठ मोजली तो घराण्याचा. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणही नाही. त्या सणाच्या तोंडावर नानांनी गावच्या झिपरूबरोबर निरोप धाडला. श्रावण संपला की चौकशीत शेवटचा जबाब आहे. तिथे अभिमनने एवढंच म्हणावं की माझी पाठ होती, मला दिसलं नाही. नाहीतर यंदा त्याची मूठ मोजायची की नाही, ते आम्ही बघू.

हे म्हणाले, मी जबाब बदलणार नाही. मी म्हटलं, मग मी जाते. शनिवारी एसटीत बसले ते मनाशी पक्कं करून, की नानांना सांगायचं, बदलतील हो, मी मनवलंय. पुढचं पुढे. आधी मूठ तर पडू दे.

ओसरीत सगळे जमले होते. थोरल्या जाऊबाई प्रमिलाबाईंनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं, किती वाळलीस म्हणाल्या. कित्येक महिन्यांत कोणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मला रडूच आलं. कोपऱ्यात छगन बसला होता, खुरटी दाढी वाढलेली, मान खाली. नाना एकेक नाव घेत सुपात मूठ टाकत होते. यांचं नाव आलं आणि हात थांबला.

"वच्छला, अभिमननं काय ठरनं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जाऊबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बोल, बोल म्हणून. उत्तर ओठावर होतं. आणि मला नेमकी रहिमाबी आठवली, गफूरची बायको. यांच्या नकळत मी एकदा दवाखान्यात डोकावले होते. ती चमच्याने नवऱ्याला पेज भरवत होती, ती तशीच बाहेर सांडत होती, आणि दर वेळी ती पदराने पुसून पुन्हा चमचा पुढे करत होती. कोण तुम्ही, असंही तिने मला विचारलं नव्हतं. मेलं माझं तोंडच फिरलं.

"त्यासना जबाब तोच ऱ्हाई, नाना," मी म्हटलं. "त्यासनी मूठ मोजू नका."

जाऊबाईंनी हात काढून घेतला. नानांनी पुढचं नाव घेतलं. मला कोणी जा म्हटलं नाही आणि थांब असंही म्हटलं नाही. मी आपली आपण उठले, चपला शोधल्या आणि स्टँडवर येऊन बसले. एसटी येईपर्यंत पदर तोंडात धरून रडले.

घरी पोचले तर हे दारातच उभे, माझ्या तोंडाकडे बघत. साठीकडे झुकलेला माणूस, पण शाळेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा. माझा सगळा राग तिथेच विरघळला. मी म्हटलं, मोजली. सगळ्यांत आधी तुमची मोजली.

रविवारी यांना बंदोबस्त होता. मी घरातले गहू निवडले, सव्वा मूठ मोजले, वर हरभऱ्याची डाळ घातली, दळून आणलं आणि देवापुढे बसून एकटीने रोट केला. सोमवारी दुपारी तो यांच्या ताटात वाढला आणि सांगितलं, गावाकडून आला.

त्यांनी आधी रोट कपाळाला लावला. मग एक घास खाल्ला, आणि झटका घेतानाही न रडलेल्या माणसाचे डोळे भरून आले. आपलं माणूस शेवटी आपलंच असतं, म्हणाले. मग एकदम हुरूप आला त्यांना, उद्याच गावी जायचा. "सकाय सुटी टाकस. नानासना पाय पडी येस."

"जाऊ नका," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. रोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मूठ कोनी मोजी, वच्छला?"

"मी."

मला वाटलं, ताट सारतील. नियमाचा माणूस तो. पण त्यांनी रोटाचे दोन तुकडे केले, मोठा माझ्यापुढे ठेवला आणि बस म्हणाले. मी स्टोव्ह बंद करून त्यांच्या ताटाला बसले. कानबाईचा रोट उरवायचा नसतो, म्हणून आम्ही दोघांनीच तो संपवला. वाटेकरी कोणी नव्हतंच.