मायाक्काची लाल घोंगडी

मित्रांनो, मायाक्काच्या नातसुनेच्या पेटीत घडी होऊन पडलेली मी एक जुनी लाल घोंगडी. माझा जन्म सोलापूरचा, १९३१ सालचा. मायाक्का मेंढीची पांढरी लोकर आधी रंगात उकळायची, मुरवायची आणि मगच कातायची. म्हणून माझ्या तंतूतंतूत रंग आहे.

बाजारातला व्यापारी संगप्पा मात्र आधी घोंगडी विणून घ्यायचा आणि वरून रंग चोपडायचा. मायाक्काचा माल खपतो हे पाहून त्याने उठवले, की तिचा रंग जातो. लोकांना ते खरे वाटले. तीन बाजार मी तिच्या खांद्यावरून तशीच परत आले. घरातली चूल थंडावली. मायाक्का रडली नाही. दात आवळून कातत राहिली.

चौथ्या बाजारी वेणीमाधव मास्तर आले. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत. 'डाइड-इन-द-वूल', म्हणजे लोकरीतच रंगवलेला, हे विशेषण समजावायला त्यांना वस्तू हवी होती. ते म्हणाले, विलायतेतही कातण्याआधी लोकर रंगवत आणि तो रंग टिके. त्यावरून, काही केल्या न बदलणाऱ्या पक्क्या माणसाला हे विशेषण लावू लागले.

"मग माजा राग बी तसलाच की, मास्तर," मायाक्का म्हणाली.

संगप्पाला राहवले नाही. असला पक्का माल फक्त आपल्या दुकानात मिळतो, असे तो सांगू लागला. मायाक्का याचीच वाट पाहत होती. आम्हा धनगरांत घोंगडीवर बसून कोणी खोटे बोलत नाही. तिने चारचौघांदेखत त्याची घोंगडी आणि मला भिजवून अंथरले.

"बसा शेट, तुमच्याच घोंगडीवर. आन् सांगा, कुणाचा रंग जातोय."

माघार घेतली असती तर अब्रू गेली असती. संगप्पा बसला, आपला रंग जात नाही अशी शपथ घेऊन उठला. पांढरेशुभ्र धोतर मागून लालभडक झाले होते. मास्तर माझ्यावर बसले. त्यांचे धोतर नुसते ओले झाले.

"शेट, माकडागत दिसताय की," भाजीवाली गोजरबाई म्हणाली, आणि सारा बाजार हसला.

पुढे गिऱ्हाईक मायाक्काच्या दारात येऊ लागले. एके दिवशी संगप्पाही आला, तिचा माल आपल्या दुकानासाठी मागायला. दारी आलेल्याला आधी घोंगडी अंथरायची, ही आमची रीत. मायाक्काने मला खांद्यावरून काढले नाही. तो मातीत बसून बोलला आणि रिकाम्या हाताने गेला.

मित्रांनो, मला कधीमधी ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. कष्टाच्या हातांना खोटा बट्टा तर कधीच लावू नका. क्षमा करावी, असे तुमच्या पुस्तकात असेल. मला मात्र मातीत बसलेला संगप्पा आठवला, की आजही ऊब येते.