घुसलेल्या माणसाची पावलं

स्टुडिओत तिला सगळे पाऊलबाई म्हणायचे. पडद्यावर कुणी जिना चढलं, वाळूतून पळालं, की त्या पावलांचा आवाज ती मागाहून द्यायची. समोर चित्र चालायचं आणि ती कधी लाकडी फळीवर, कधी फरशीवर चालायची. वीस वर्षांत गुडघे कुरकुरायला लागले होते, पण ताल चुकत नव्हता.

अकरा महिन्यांपूर्वी एका दुपारी ती अंघोळ करत असताना तिच्या घरात कुणीतरी शिरलं. नळ बंद केला आणि तिला बाहेर पावलं ऐकू आली. आतली कडी घट्ट धरून ती तासभर तशीच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा घर रिकामं. चोरीला काहीच गेलं नव्हतं. फक्त खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती आणि टेबलावर अर्धा ग्लास पाणी होतं. पोलिसांनी पाहिलं, तर कुलूप शाबूत. "तुम्हीच ठेवला असेल ग्लास," ते म्हणाले. दादाही तेच म्हणाला, जरा गोड शब्दांत. ती घर बंद करून दादा-वहिनींकडे गेली, ती तिकडचीच झाली.

आणि आता हा सिनेमा आला. एक अनोळखी माणूस एका बाईच्या घरात शिरतो आणि तिला पत्ता लागू न देता तिथेच राहू लागतो. आवाज टिपणारे काका म्हणाले, "पोरी, हे काम दुसऱ्या कुणाला देतो."

"कुणाला? तुमच्या जावयाला? तो चालला की फळी मोडते."

काका हसले, पण तिच्याकडे बघत राहिले.

पहिल्या खेपेला ती अशा सिनेमात चालतात तशी चालली. दबकत, थांबत थांबत. तरुण दिग्दर्शक खूश झाला. तिनेच मान हलवली.

"हे खोटं आहे."

"भीती तर वाटतेय की, ताई."

"वाटतेय. पण घुसलेला माणूस दबकत चालत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

मग तिने सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं. तो सैल चालत होता, टाचा घाशीत. स्वतःच्या घरात असल्यासारखा. ग्लासाचं कपाट त्याला पहिल्या फटक्यात सापडलं. मध्येच एकदा खाकरला. तिला भास झाला असेल, असं इथे कुणी म्हणालं नाही. काकांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले होते.

"मग तुम्ही ऐकलंत तसंच करू या," दिग्दर्शक म्हणाला.

तिने सामानातून पुरुषी बूट शोधले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि पायांत घातले. दोनदा ती अर्ध्यातच थांबली. तिसऱ्यांदा ती मटकन खाली बसली. काकांनी पाणी दिलं. "राहू दे आज."

"नाही. आत्ताच."

सहाव्या खेपेला ती, जणू आपल्याच घरात, दारापासून कपाटापर्यंत चालली, तिथून खुर्चीपर्यंत. काकांनी ते ऐकवलं आणि तिघांच्याही अंगावर काटा आला.

"इथे थांबवा," ती म्हणाली.

काकांनी बटण दाबलं. पावलं थांबली. अकरा महिने डोक्यात चालणारी ती पावलं तिच्या एका शब्दावर थांबली होती. तिला रडू फुटलं, आणि मग स्वतःच्या पायांतले ते ढगळे बूट बघून हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाला म्हणाली, "तेव्हा तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस."

दादाने चहाचा कप खाली ठेवला. "नाही ठेवला," तो म्हणाला.

रविवारी ती, दादा आणि वहिनी अशी तिघं तिच्या घरी गेली. दादाने चावीवाल्याला बोलावलं होतं. चावीवाल्याने आपल्या जुडग्यातली एक भलतीच चावी घातली, जराशी हलवली आणि दार उघडलं.

"घासून घासून मेलंय हे कुलूप, बाई. कुणीही उघडेल."

दादाचा चेहरा पडला. "चुकलं माझं," तो म्हणाला, आणि नवं कुलूप बसेपर्यंत दारापाशीच उभा राहिला. वहिनींनी पदर खोचून खिडक्या सताड उघडल्या, जाळी झटकली.

पहिला आठवडा ती दिवा लावून झोपली. दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री दिवा बंद होता. तिसऱ्या आठवड्यात तिने दादा-वहिनींना जेवायला बोलावलं. दादा इतका जेवला, की सोफ्यावरच घोरायला लागला.

"उठवू का गं यांना?" वहिनींनी विचारलं.

"झोपू द्या," ती म्हणाली आणि भांडी आवरायला उठली.