लसणाच्या बाटलीचे तीन दिवस

मित्रांनो, मी एक जुना, एका दाराचा फ्रिज आहे. माझा लाल रंग आता विटला आहे आणि दाराच्या रबराला भेगा पडल्या आहेत. बुधवार पेठेतल्या करीमभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात मी मागच्या भिंतीला टेकून उभा असतो. माझ्या पोटात आता तारा, स्क्रू आणि पंख्यांची मोडकी पाती ठेवतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते खराडीतल्या एका घराचे.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा माझ्या पाठीवरची जाळी नवी कोरी होती आणि आतला दिवा लख्ख होता. टेम्पोतून मला खराडीला हिंदुरावांच्या घरी नेले. त्यांच्या ज्वारीच्या रानावर तेव्हा नुकत्याच काचेच्या इमारती उठू लागल्या होत्या. त्यांच्या बायकोने, तुळजाबाईंनी, मला कुंकू लावले, मी गार झाल्यावर दार उघडून आत हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"लई गार हाय बया! दूध ठेवा, ताक ठेवा. पर माझं लोणचं ह्यात ठेवायचं नाय, आत्ताच सांगून ठेवते."

त्यांच्या लोणच्याला माझी गरज नव्हतीच. कैऱ्या धुऊन त्या जुन्या धोतरावर दिवसभर कोरड्या करत. मीठ घालताना हात आखडत नसत आणि फोडी बुडून वर बोटभर तेल दिसल्याशिवाय बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधत नसत. आळीतल्या बायका आपापल्या कैऱ्या घेऊन त्यांच्याकडे येत. शेजारच्या सोजरबाई तर म्हणत, "तुळजे, तुझा हात लागला की वरीसभर बघायला नको."

मग संभाजीचे लग्न झाले आणि विजयमाला सून म्हणून घरात आली. तिने मला खरी माया लावली. दर शुक्रवारी ती मला सोड्याच्या पाण्याने पुसून काढी. तिचे इडलीचे पीठ बाहेर फुगून वर आले की ती ते माझ्याकडे देई. माझ्या गारव्यात ते आणखी आंबत नसे. विजेचा दाब कमीजास्त झाला की ती हातातले काम टाकून माझे बटण बंद करायला धावे. सोजरबाईंच्या फ्रिजचे यंत्र असेच जळाले होते, ते तिने पाहिले होते.

अशी दहा वर्षे गेली. हिंदुरावांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी मीठ तोडले. आंबट खाल्ले की छातीत जळजळे, म्हणून लिंबूही गेले. पण भाकरीबरोबर लसणाचे लोणचे नसले की ते ताट तसेच सारत. शेवटी तुळजाबाईंनी त्यांच्यासाठी वेगळी बाटली केली: कच्चा लसूण, तिखट आणि तेल. मीठ नावाला, लिंबू नाहीच.

"विजे," त्या म्हणाल्या, "ह्यात मीठ नाय. ही बाटली फ्रिजातच ठिवायची, आन आठवड्याच्या आत संपवायची."

त्यांनी पहिल्यांदाच आपले लोणचे माझ्या हवाली केले. मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता!

चैत्रात शिरूरकडे हिंदुरावांच्या भाच्याचे लग्न निघाले. म्हातारा-म्हातारी आधी गेली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, संभाजी आणि विजयमाला पोरांना घेऊन निघाली. घर बंद राहणार, आपल्यामागे दाब वाढला तर फ्रिज जळायचा, या काळजीने विजयमालाने दूध शेजारी दिले, भाज्या काढल्या आणि माझे बटण बंद केले. दारातल्या खालच्या कप्प्यात, सॉसच्या बाटलीमागे, लसणाची नुकतीच भरलेली बाटली तशीच राहिली.

बंद घरात ऊन कोंडले. तासाभरातच माझा गारवा उतरू लागला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात बाहेरच्याइतकेच उकडत होते. त्या तेलाखाली काहीतरी चालले होते. फेस नाही, वास नाही, बुरशी नाही. मला ते जाणवत होते आणि मी काहीही करू शकत नव्हतो.

रविवारी विजयमालाने येऊन बटण लावले. सोमवारी सकाळी तिला ती बाटली दिसली. ती थबकली. झाकण काढून तिने वास घेतला. लसणाचा चांगला खमंग वास आला. बाटली हाताला बर्फासारखी गार लागली. तिने क्षणभर कचऱ्याच्या डब्याकडे पाहिले आणि बाटली परत जागेवर ठेवली.

मित्रांनो, माझ्याच गारव्याचा मला तेवढा कधीच तिटकारा आला नव्हता. बिघडायचे असते ते मी थांबवू शकतो. बिघडलेले मात्र मी नीट करू शकत नाही, नुसते गार करतो.

त्याच दुपारी हिंदुराव परतले. त्यांनी ते लोणचे चवीने खाल्ले. बुधवारी त्यांना एकाची दोन माणसे दिसू लागली. पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, पाण्याचा घोट उतरेना. सगळ्यांना वाटले, लकवा मारला. त्यांना दवाखान्यात नेले. संध्याकाळी तुळजाबाई धापा टाकत घरी आल्या आणि त्यांनी माझे दार उघडून ती बाटली काढली.

"डाक्टर म्हणतो, खाण्यातनं इख गेलंय. असल्या लसणात ते धरतं म्हणं, दिसत नाय, वास येत नाय. मीठ नाय, आंबट नाय, मग असलं लोणचं निस्त्या गारव्यावरच टिकतं." त्या वळल्या. "विजे, फ्रिज बंद पडला व्हता का गं मधी?"

विजयमालाचा हात माझ्या मुठीवर होता. तिने माझे दार लावले.

"नाही, आत्या."

मी त्या क्षणी फक्त घरघरलो. दुसरे मला काय येते?

बाविसाव्या दिवशी हिंदुराव गेले. भेटायला आलेल्या बायका ओट्याजवळ बसून कुजबुजत. सोजरबाई म्हणाल्या, "हात ऱ्हायला नाय तिचा पयल्यासारखा. नवऱ्यालाच भोवला." तुळजाबाई आतल्या खोलीत होत्या, पण त्यांनी ते ऐकले. दहावे-तेरावे झाल्यावर त्यांनी माळ्यावरच्या सगळ्या बरण्या खाली काढल्या आणि परसात खड्डा करून कैरी, मिरची, लिंबू, सगळे ओतले. त्या साऱ्या लोणच्यांत भरपूर मीठ होते, ती निर्धोक होती. पण त्यांना आता आपल्या हाताचाच भरवसा राहिला नव्हता. पुढच्या वैशाखात आळीतले कोणी कैऱ्या घेऊन आले नाही. तुळजाबाई सुनेला म्हणू लागल्या, "भाकरी तूच थाप. माझा हात लागलेलं चाललं का पोरांना?"

हे विजयमालाच्याने ऐकवेना. एका दुपारी ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळे सांगितले. बटण, बाटली, वास, डब्याकडे पाहणे. काही गाळले नाही.

तुळजाबाईंनी हातातले काम खाली ठेवले.

"मीठ मी काढलं," त्या म्हणाल्या. "बटण तू बंद केलंस, तेबी काळजीपायी. ते मी समजून घीन. पर मी इच्यारलं तवा डाक्टर त्या बाटलीची वाट बघत बसला व्हता. तवा बोलली असतीस तर त्यो वाचला असता का, ते देवाला ठावं. मला वरीसभर जाळलंस मात्र तू."

"आत्या, मला माफ करा..."

"माझ्याम्होरं रडून काय व्हनार? ऊठ. सोजरबाईला सांग. ती जितक्या घरांत बोलली, तितक्या घरांत जाऊन सांग."

विजयमाला उठली. चार दिवस ती घरोघर जाऊन सांगत होती. कोणी दार लावून घेतले, कोणी तोंडावर बोलले. चौथ्या दिवशी ती परतली तेव्हा तुळजाबाईंनी तिला पाटावर बसवून ताट वाढले. मग त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. लोणचे त्या घरात पुन्हा झाले नाही.

पुढे संभाजीने मला करीमभाईंकडे आणले. त्यांनी मला लावून पाहिले.

"भाऊ, ह्यात काही बिघाड नाही. कशाला काढता?"

"ठेवून घ्या," संभाजी म्हणाला. "घरात बघवत नाही."

मित्रांनो, मीठ किंवा आंबट कमी केलेले लोणचे, तेलातला कच्चा लसूण, असले काही घरात असेल तर ते थोडेच करा, गार ठेवा आणि लवकर संपवा. माझे बटण बंद राहिले असेल, वीज किती वेळ गेली होती हे ठाऊक नसेल, तर वास घेऊ नका, चाखून बघू नका; सरळ टाकून द्या. आणि चूक झालीच, तर कोणी विचारायच्या आधी सांगा. मला सगळे कळले होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हांला बोलता येते.