साबणाच्या वासाचे हात

लिपुओला कशाची म्हणून किळस उरली नव्हती. सडकी कोबी, शेण, कोंबडीची आतडी, सगळं ती उघड्या हातानं कालवायची. आज मात्र मुखियाच्या अंगणात उभ्या उभ्या तिला किळस येत होती ती मोखेथीची. शहरातल्या एका संस्थेचा हा शेती-सल्लागार, गाव त्याला मानानं 'न्ताते', म्हणजे बाबा, म्हणायचं. त्याचा तो गुळगुळीत चेहरा बघूनच तिला उमासे येत होते.

डोंगरातल्या या गावात मातीपेक्षा दगड जास्त. म्हणून बायका दगडांचा कमरेएवढा गोल वाफा रचतात आणि मधोमध काड्यांची उभी टोपली रोवतात. खरकटं, धुणं-भांड्यांचं पाणी टोपलीत ओतायचं. ते झिरपून भोवतालच्या भाजीला पोसतं. लिपुओला हे शिकवलं ते शेजारच्या माकाबेलोनं, जिला सगळे 'म्मे', म्हणजे आई, म्हणायचे. आई गेल्यावर बारा वर्षांची लिपुओ मावशीकडे राहायला आली होती आणि टोपलीजवळून जाताना नाक दाबायची. म्हातारीनं एक दिवस तिचा हात धरला आणि कोपरापर्यंत आत खुपसला.

"नाक सोड गं बये! वास घे. आंबूस आला तर वाफ्याचं पोट ठीक. कुजका आला तर अपचन, राख टाक."

पोरगी भडाभडा ओकली.

"अगं, बाहेर कुठं ओकतेस? टोपलीत ओक! वाया कशाला घालवायचं?"

पहिला वाफा तयार झाला की शिकणारीनं शिकवणारीचे मातीचे हात तसराळ्यात धुवायचे आणि ते काळं पाणी आपल्या टोपलीत ओतायचं. गावातली आभार मानायची रीत ती एवढीच. लिपुओनं ते कधी केलंच नाही. तेव्हा त्या नखांतल्या काळ्या घाणीला शिवायची तिला शिसारी आली होती. म्हातारी हसून "राहू दे" म्हणाली, आणि मोठेपणी लाजेनं ते राहूनच गेलं. पंधरा वर्षं त्या वाफ्यातली भाजी खाऊन ती आणि तिची धाकटी बहीण वाढल्या.

आणि आज ती मोखेथीचे हात धुणार होती.

"औसी लिपुओ, जिल्ह्यात वाफे शिकवणाऱ्या शिक्षिकेची नोकरी तुझीच समज," तो काल ताई-ताई करत म्हणाला होता. "फक्त उद्या संस्थेच्या पाहुण्यांसमोर माझे हात धू. तुमची रीत फोटोत छान दिसते."

बहिणीच्या शाळेची फी डोळ्यांसमोर आली आणि ती हो म्हणून बसली. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

मोखेथीनं तीन दिवसांत इथे, अंगणात, वाफा उभा केला होता. दगडांना पांढरा रंग. शहरातून विकत आणलेला पालक मातीत नुसता खोचलेला, मुळं नसलेला. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून टोपलीला आतून सिमेंट! मग त्या गाढवाच्या टोपलीतून झिरपणार काय, कपाळ? आत उष्ट्याचं पाणी तुंबलं होतं आणि वर अळ्या वळवळत होत्या. माकाबेलो मागे, घोंगडी लपेटून जमिनीवर बसली होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती.

मोखेथीनं बाह्या सारून हात पुढे केले. लिपुओनं पाणी ओतलं. मऊ, गुबगुबीत हात, साबणाचा भपकारा. तसराळ्यातलं पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

"न्ताते, तिनं हात धुतले की तुमच्या हातांनी पाणी धुतलं?" मागून एक बाई ओरडली. बायका फिदीफिदी हसल्या.

"आता टोपलीत ओत," मोखेथी दात दाखवत पुटपुटला. फोटोवाला सरसावला.

लिपुओ टोपलीपाशी गेली आणि थबकली. त्या अळ्यांनी तिला काही झालं नसतं. हातातल्या त्या सुवासिक पाण्याची मात्र तिला शिसारी आली. ती वळली, बायकांमधून वाट काढत माकाबेलोसमोर गुडघ्यांवर बसली आणि तसराळं पुढे केलं.

म्हातारीनं आत डोकावून पाहिलं आणि नाक दाबलं.

"यात नको गं पोरी. घाण आहे."

लिपुओनं ते पाणी पांढऱ्या दगडांवर भिरकावलं, मुखियाच्या पिंपातून ताजं घेतलं आणि ते वाकडे, भेगाळलेले हात धरले. नखं एकेक करून चोळली. पाणी आधी तांबूस झालं, मग काळं.

"नोकरीचा विचार कर, औसी!" मोखेथी तिकडून खेकसला.

"केला," लिपुओ म्हणाली.

"कुठं ओतशील?" माकाबेलोनं विचारलं. "त्या हौदात?"

"घरी. माझ्या टोपलीत."

"आता? पंधरा वर्षांनी?"

"तेव्हा मला तुमची किळस आली होती, म्मे."

"ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. "जा, सांडू नकोस."

तसराळं छातीशी धरून लिपुओ घराच्या चढाला लागली. मागे मोखेथी दुसऱ्या कुणाला तरी बोलावत होता. तिनं एकदाच तोंड खाली नेऊन पाण्याचा वास घेतला. आंबूस होता.